स्वस्त शेअर, पण कशामुळे?

महोदय,
कापसाचे चुकारे झाले की ‘पुस्तकी किमतीच्या (हिशेबातली मालमत्ता वजा देणी) निम्म्यात’ म्हणून छोट्या बहुउद्योगी कंपन्यांचे शेअर गावोगावी सुचवले जातात. जिनिंग, तेलगिरणी, गोदाम, वर थोडी जमीन. घेण्याआधी वार्षिक अहवालातली विभागवार आकडेवारी पाहावी. प्रत्येक धंद्याची वेगळी किंमत धरून बेरजेतून कर्ज आणि प्रवर्तकाच्या (कंपनीवर ताबा असलेल्या मालकाच्या) इतर कंपन्यांसाठी दिलेली हमी वजा करावी. समजा धंदे ३०० कोटींचे, कर्ज १२०, हमी ४०, उरले १४०. सगळ्या शेअरचे मिळून बाजारमूल्य १५० असेल तर स्वस्ताई कुठली? जमीन विकायचीच नसेल तर तिची किंमत कागदावरच. नफा दिसतो पण रोख येत नाही, तेव्हा उधारी प्रवर्तकाच्या घरच्याच कंपनीकडे अडकलेली असू शकते. अहवालातली संबंधित पक्षांच्या (प्रवर्तक, त्याचे नातेवाईक, त्यांच्या कंपन्या) व्यवहारांची टीप वाचा. प्रवर्तकाने गहाण ठेवलेले शेअर तिमाही भागधारणा तक्त्यात (कोणाकडे किती शेअर, याच्या यादीत) दिसतातच.

– एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)