मिसेसचं सोवळं आणि चार थेरप्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत थेरपीवर पानभर मजकूर आलाय. सीबीटी, सायकोअ‍ॅनालिसिस, रेकी, फ्लॉवर रेमेडी, पास्ट लाइफ रिग्रेशन सगळं एकाच चौकटीत आणि खाली काय तर 'तुम्हाला जे भावेल ते निवडा'. साडी निवडायचीय का? वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो, लांबलं तर कापा पण मधलं कापू नका.

आमच्या मिसेसला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार परत परत येतात आणि भीतीपोटी तीच ती कृती करत राहावी लागते असा मनाचा आजार. पहिली दहाबारा वर्षं घरात कोणाला पत्ताच नाही कारण आमच्याकडे त्याला सोवळं म्हणायचे. बाहेरून आलं की आधी आंघोळ, पालेभाजी पाच पाण्यांतून, सुट्टे पैसे वेगळ्या डबीत. आई तर आल्यागेल्याला कौतुकानी सांगायची, सून बघा किती स्वच्छ. नंतर आंघोळीला दोन तास लागायला लागले, हाताची सालं निघाली, आणि गॅस बंद आहे ना हे रात्री मला वीस वेळा विचारायची तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

पण डॉक्टरकडे लगेच गेलो असं नाही, आपल्याकडे कोण जातं. ओळखीतल्या एका महाराजांनी सांगितलं की घाण विचार मनात आला की १०८ वेळा जप करा. आता यात वाईट काय, मलाही पटलं. महिनाभरात तो जपच नवीन हात धुणं झाला, मधे एक मणी चुकला की पहिल्यापासून, कुकरची शिट्टी झाली की पहिल्यापासून. पुढे कळलं की हा आजार असाच चालतो, भीती वाटली की काहीतरी कृती करायची, जरा बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच ती कृती जास्त घट्ट बसते. कृती साबणाची असो नाहीतर देवाच्या नावाची, आजाराला फरक पडत नाही. यात महाराजांना दोष देत नाही, त्यांनी पैसेही घेतले नव्हते.

मग फ्लॉवर रेमेडी. एडवर्ड बाख नावाच्या इंग्रज डॉक्टरनी १९३० च्या दशकात फुलांपासून ३८ औषधं बसवली, त्यातलं क्रॅब अ‍ॅपल हे म्हणे आपण अस्वच्छ आहोत असं वाटणाऱ्यांसाठी. वाचून वाटलं हे तर आमच्यासाठीच केलंय! चार थेंब, दिवसातून चार वेळा. या औषधांच्या ज्या नीट चाचण्या झाल्या त्यात नुसत्या खोट्या थेंबांपेक्षा जास्त गुण दिसलेला नाही, हे मला फार उशिरा समजलं.

मग रेकी, म्हणजे हात ठेवून म्हणे ऊर्जा देतात. त्या रेकीवाल्या ताईंचं मात्र खरं सांगतो, मिसेसला तिथे बरं वाटायचं. तासभर शांत खोली, मंद दिवा, आधी चहा, काय होतंय ते नीट ऐकून घ्यायच्या. तेव्हाच आम्ही एका सायकिअ‍ॅट्रिस्टकडेही जायला लागलो होतो, तिथे चाळीसावा नंबर आणि आत गेल्यावर पाच मिनिटं, झोप येते का, भूक लागते का, हीच गोळी चालू ठेवा. लोक रेकीकडे का जातात यावर हसणाऱ्यांनी आधी हे बघावं. सोल रोझेन्झ्वाइग नावाच्या मानसशास्त्रज्ञानी १९३६ मधेच मांडलं होतं की वेगवेगळ्या थेरप्यांना जे यश येतं त्यात सगळ्यांत सारख्या असलेल्या गोष्टींचा वाटा मोठा असावा, म्हणजे ऐकणारं माणूस, विश्वास वगैरे. मला हे पटतं. पण त्याच ताईंनी एक दिवस सांगितलं की गोळ्यांनी एनर्जी ब्लॉक होते, बंद करा. केल्या बंद, एकदम. चक्कर, मळमळ, चिडचिड, आणि पंधरा दिवसांत आंघोळ परत दोन तासांवर. ओसीडीत या गोळ्यांचा डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि गुण यायला दोन-तीन महिने जातात, आणि थांबवायच्या तर डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करत, हे डॉक्टरनी पाच मिनिटांत सांगितलं नव्हतं हेही तितकंच खरं.

मधे एक काउन्सेलर झाल्या, त्यांनी सहा महिने लहानपण उकरलं. मिसेस रडायची, मोकळं वाटायचं, हात धुणं तेवढंच.

शेवटी मोठ्या गावात जाऊन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं मी कोणती पद्धत वापरणार, साधारण किती सेशन, तुम्हाला काय त्रास होईल. पद्धतीचं नाव एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, सीबीटीच्याच (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) घराण्यातली, १९६६ मधे लंडनला व्हिक्टर मायर यांनी दोन पेशंटवर करून दाखवलेलं तिचं मूळ. भीतीची यादी करायची, ० ते १०० मार्क द्यायचे. दाराची कडी ३०, सुट्टे पैसे ४५, एसटीचा दांडा ७०, चपलेचा तळ ९५. मग कडीला हात लावून हात न धुता बसायचं. पहिल्या दिवशी ती थरथर कापत होती, मला बघवेना, मी म्हणालो जाऊदे धू दे तिला, तर बाईंनी मलाच गप्प बसवलं. पाऊण तासानी भीती आपोआप उतरली, कोणी काही न करता. तो पाऊण तास मी विसरणार नाही.

आणि होमवर्क मलापण! गॅस बंद आहे का या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. इतकी वर्षं मी प्रेमानी हो गं बंद आहे म्हणत होतो ते त्या आजाराला खाऊ घालणं होतं. बंद केलेल्या गोळ्या परत चालू झाल्या होत्या, हे त्याच्या जोडीला. सहासात महिन्यांत आंघोळ पंचवीस मिनिटांवर आली. पूर्ण बरी झाली असं म्हणणार नाही, पावसाळ्यात चिखल झाला की अजून वर जातं.

म्हणून माझं म्हणणं, पुरवणीत लिहिताना कुठल्या त्रासाला कशाचा उपयोग सिद्ध झालाय ते लिहा. ओसीडीला हे, वारंवार येणाऱ्या डिप्रेशनला अमुक, असं. योगा, भजन, विपश्यना याला माझा विरोध नाही, जोडीला असूदे. विपश्यनावाले तर स्वतःच्याच नियमावलीत सांगतात की हे शिबिर मानसिक आजाराच्या उपचाराला पर्याय नाही, एवढं तरी तुमच्या चौकटीत यायला पाहिजे होतं. आणि काउन्सेलर ही पाटी आपल्याकडे आठवड्याचा कोर्स करूनही लावलेली दिसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते, तो नंबर मागितला तर खऱ्या माणसाला राग येत नाही, आमच्या बाईंच्या तर भिंतीवरच होता. सरकारची मानसिक त्रासासाठीची टेली मानस हेल्पलाइन १४४१६, फुकट, मराठीतपण बोलतात, तो नंबर पानभर मजकुरात कुठेच नव्हता. पास्ट लाइफच्या शिबिराची जाहिरात मात्र त्याच पानावर खाली होती, फीसकट.

नाव छापू नका, गाव लहान आहे. पत्र मिसेसला वाचून दाखवूनच पाठवतोय. तिनी एकच दुरुस्ती सांगितली, आंघोळीला दोन तास नाही, पावणेतीन तास लागायचे, खोटं कशाला लिहिता.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, जि. सातारा