ॲप उतरवून दिले म्हणजे उपचार सुरू झाले असे नाही

महोदय,

ज्येष्ठांच्या सौम्य नैराश्यासाठी ऑनलाइन मानसोपचार घेण्याकडे कल वाढतो आहे आणि आम्हाला त्याचे मोल वाटते. ज्यांना जिना उतरवत नाही, घराबाहेर पडायला सोबत लागते, त्यांचे उपचार केवळ प्रवासापायी राहून जाऊ नयेत. पण घरचे फोनवर एखादे ॲप उतरवून देतात, ‘रोज हे करत जा’ म्हणतात आणि महिन्याभराने ‘काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढतात. यात उपचाराचा अर्धा भाग सुरूच झालेला नसतो.

हा अर्धा भाग म्हणजे पलीकडचा माणूस. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्या ६९१ प्रौढांना तिच्यात सामील केले होते. दोन संगणकीय उपचारक्रम तपासले गेले, एक ८ सत्रांचा, दुसरा ६ सत्रांचा. सगळी सत्रे पूर्ण करणारे पाचांत एकाहूनही कमी निघाले आणि डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांपेक्षा फारसा जास्त फायदा दिसला नाही. या रुग्णांना दर आठवड्याला फोन जात होता, पण तो मुख्यतः तांत्रिक मदतीसाठी आणि धीर देण्यासाठी. प्रशिक्षित समुपदेशक आठवड्याला १०-१५ मिनिटे देऊन गृहपाठ वाचतो, कुठे अडले ते विचारतो, तेव्हा माणसे टिकतात आणि गुणही येतो.

सुरुवात मात्र डॉक्टरांपासून करावी. थायरॉइडची कमतरता, बी-१२ कमी असणे, रक्तक्षय, काही औषधे यांमुळेही माणूस मलूल होतो. उतारवयात नैराश्य अनेकदा ‘मन उदास आहे’ अशा शब्दांत बाहेर येत नाही. अंगदुखी, तुटक झोप, विसराळूपणा, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे, अशी त्याची रूपे असतात. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत एकूण २७ गुणांपैकी ५ ते ९ म्हणजे सौम्य नैराश्य. तिच्यात झोप, थकवा, भूक यांचे प्रश्न असल्याने संधिवाताच्या किंवा हृदयरोगाच्या रुग्णाचे गुण उगाच फुगतात. ज्येष्ठांसाठीच बनवलेली, ‘हो-नाही’ उत्तरांची १५ प्रश्नांची जीडीएस (जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल) ही प्रश्नावली असे शारीरिक प्रश्न बहुतांशी टाळते, म्हणून ती सोबत भरून घ्यावी. सौम्य नैराश्यात गोळ्यांची घाई नको. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात. वृद्धांमध्ये नैराश्याच्या काही गोळ्यांनी रक्तातले सोडियम घटते, पडण्याचा धोका वाढतो. मात्र चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

सत्रांत सर्वांत जास्त वेळ कृतीला द्यावा. पहिल्या आठवड्यात दिवसाची तासवार नोंद ठेवायची आणि प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहायचे: आनंद किती, जमल्याचे समाधान किती, ० ते १०. दुसऱ्या आठवड्यापासून त्यातली एक-दोन कामे ठरलेल्या वेळेला करायची, इच्छा असो वा नसो. इथे हमखास चूक होते ती मापाची. ‘रोज पाऊण तास चालणे’ तिसऱ्या दिवशी मोडते, आणि मोडले की ‘मला काहीच जमत नाही’ या विचाराला पुरावा मिळतो. ‘सकाळी नऊला चपला घालून फाटकापर्यंत’ एवढेच ठरवावे. विचारांची तपासणी नंतर, आणि तीही जपून. जोडीदार गेला आहे, दृष्टी अधू झाली आहे, हे विचारांतले दोष नव्हेत, खरे नुकसान आहे. त्यावर वाद घालणारा उपचार माणसाला दुखावतो. तिथे शोकाला जागा द्यावी आणि सुटण्याजोगी एक अडचण निवडून तिच्यावर काम करावे.

उपचारक्रम आठ सत्रांचा असेल, तर तो आठच आठवड्यांत संपवण्याचा हट्ट नको, बारा आठवडे लागू द्यावेत. भेट ३० मिनिटांची, शेवटी तीन ओळींचा लेखी सारांश. फोनपेक्षा टॅबलेट बरा, अक्षरे मोठी, श्रवणयंत्राला जोडता येणारा हेडफोन. दर वेळी ओटीपी मागणारी व्यवस्था टाळा. आकडे वाचून होईपर्यंत मुदत संपते आणि तिथेच माणूस सोडून देतो. घरच्यांनी पहिल्यांदा यंत्र लावून द्यावे आणि खोलीबाहेर जावे. सुनेबद्दल सुनेसमोर कोण बोलेल? त्याच कारणाने खाते मुलाच्या ईमेलवर उघडू नये.

प्रश्नावली दर दोन आठवड्यांनी पुन्हा भरावी. सहा आठवड्यांत गुण हलले नाहीत किंवा वाढले, तर प्रत्यक्ष मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. एकूण गुण कमी असले तरी या उत्तरात शून्याखेरीज काहीही आले, तर त्याच दिवशी माणसाने माणसाशी बोलायला हवे. म्हणून सेवा निवडताना विचारा: नवव्या प्रश्नाचे उत्तर कोण वाचते, किती तासांत वाचते आणि मग फोन कोणाला करते? नेमके उत्तर मिळाले नाही, तर ती सेवा घेऊ नका.

– ज्येष्ठांच्या मानसोपचार सेवेतील समुपदेशक