शिखर उभं करून देणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

चेंदणी कोळीवाड्यात तुमचं नाव होड्यांमुळे आहे, म्हणून चर्चचं मॉडेल घेऊन तुमच्याकडे यायला मला संकोचच वाटत होता. पण फर्निचरवाल्यांनी फोटो बघूनच हात वर केले होते.

हे चर्च म्हणजे अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावचं फर्स्ट बॅप्टिस्ट, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या बॅप्टिस्ट पंथाचं. धर्मोपदेशक रॉजर विल्यम्सने १६३८ साली तिथे मंडळी जमवली. आजची लाकडी इमारत मात्र १७७५ची. खालचा भाग सोपा: ८० फूट बाय ८० फुटांचा चौकोनी हॉल, साध्या काचेच्या खिडक्या, समोर मधोमध प्रवचनाचं उंच व्यासपीठ. गावची वस्ती तेव्हा जेमतेम चार हजारांची, आणि हॉल बांधला १,२०० माणसांचा! हौस म्हणायची की विश्वास, कोण जाणे.

माझं घोडं अडलं होतं ते १८५ फुटी शिखरापाशी. लंडनच्या एका चर्चसाठी वास्तुविशारद जेम्स गिब्झने काढलेला, पण तिथे न वापरलेला आराखडा जोसेफ ब्राउनने इथे घेतला. एकावर एक मजले, प्रत्येक खालच्यापेक्षा अरुंद. आणि हे सगळं साडेतीन दिवसांत चढवलं, असं मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर सारून विचारलंत, "सुतार कुठले होते?"

मी सांगितलं, ब्रिटिशांनी १७७४ साली बॉस्टनचं बंदर बंद केलं. काम सुटलेले जहाजांचे सुतार मग या बांधकामावर आले.

"मग बरोबर. वर लटकून कोन ठोकीत बसंल? सगलं खाली जोडून घेतलं आसंल. डोलकाठी पन आशीच चढते."

तुम्ही प्रत्येक मजला जमिनीवर वेगळा जोडायला लावलात. सांध्यांना खिळा नाही, नुसती खाच. तिसऱ्या मजल्याचा एक कोपरा केसभर बाहेर होता. तुम्ही बघितलाही नाहीत, अंगठा फिरवलात आणि रंधा मागितलात. शेवटी कप्पीला दोर लावून मजले एकेक करून वर घेतले, तेव्हा पोरांनी "हैय्या हो" केलं ते वेगळंच.

सरांनी सगळ्यात जास्त प्रश्न शिखराबद्दल विचारले. तुमचं नाव मॉडेलच्या पाटीवर माझ्या नावाच्या वर आहे. सागवानाच्या फळ्यांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते काकूंकडे दिलेत, रागावू नका. मॉडेल महिनाअखेरपर्यंत कॉलेजात आहे. दुसऱ्या मजल्यावर ठेवलंय, पण लिफ्ट आहे. काकूंना घेऊन या.