सावल्या काळ्याच राहू द्या म्हणणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न.

प्रवासात कॅमेरा सोबत नेणाऱ्या आमच्या मंडळींच्या फायली तुम्ही एक पैसा न घेता तपासता. नुसतं ‘छान’ किंवा ‘भडक’ म्हणून सोडून न देता शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ (म्हणजे उजेड किती वेळ, किती मोठ्या छिद्रातून आणि किती संवेदनशीलतेवर टिपला) विचारता आणि गडबड कुठल्या पायरीवर झाली ते लिहून कळवता. आभार मानायला एक ओळही पुरली असती. पण तुम्ही शिकवलेलं इथे तपशिलात मांडलं, तर नव्याने एचडीआर (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून एक चित्र) करणाऱ्यांना ते वापरता येईल, म्हणून हे जाहीर पत्र.

सगळ्यात मोठं ऋण आधी मोजायच्या सवयीचं. कॅमेऱ्यात ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम आपोआप घेणं) आहे म्हणून तीन फ्रेम मारायच्या, ही पद्धत तुम्ही मोडून काढलीत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, महापालिका मुख्यालयाच्या बाजूला ट्रायपॉड लावला की अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ठरावीक. फोकस एकदा साधला की मॅन्युअलवर. ऑटो आयएसओ बंद, कारण तो चालू राहिला तर काही कॅमेरे ब्रॅकेटमध्ये शटरऐवजी आयएसओच बदलतात. मग भिंतीवरच्या उजेडाचे पट्टे हायलाइट अलर्टमध्ये (अति उजळ भाग दाखवणाऱ्या खुणेत) लुकलुकायचे थांबेपर्यंत शटरची वेळ कमी करायची. दिव्याची काच पांढरी झाली तर होऊ द्यायची, भिंत मात्र जाता कामा नये. ही पहिली फ्रेम. उलट्या बाजूने, कमानींच्या आतला दगड हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) डाव्या, म्हणजे काळ्या, कडेवरून सुटेपर्यंत शटरची वेळ वाढवायची. ही शेवटची. समजा पाव सेकंद आणि चार सेकंद आले, तर अंतर चार स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पाव, एक आणि चार सेकंद अशा तीन फ्रेम बस्स झाल्या. अंतर दोन स्टॉपच्या आत असेल, तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) एकच पुरते आणि जोडकामाची भानगडच नको. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो, म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रलवर ठेवायची, हेही तुमचंच.

टर्मिनसच्या इमारतीनेच रंगीत दिव्यांचा धडा दिला. दर्शनी भागावरच्या एलईडींचे रंग बदलत राहतात. तीन फ्रेमना मिळून पाच-सहा सेकंद लागले, की पहिलीत भिंत जांभळी आणि तिसरीत हिरवट, आणि जोडल्यावर कोनाड्यांच्या कडांना कुठल्याच फ्रेममध्ये नसलेला मळका रंग. सॉफ्टवेअर बदलून तो जात नाही. तुमचा उपाय साधा होता: अ‍ॅपर्चर एफ ५.६, आयएसओ ४००. तीन स्टॉप मिळाले, की तीच साखळी १/३०, १/८ आणि १/२ सेकंद होते, म्हणजे सगळं सेकंदाच्या आत. फार वेगात मात्र जायचं नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० पेक्षा वेगवान झालं, की एका फ्रेममध्ये दिवा उजळ आणि दुसरीत मंद, क्वचित आडवे पट्टेही.

वेळेचंही तसंच. मुंबईत सूर्यास्तानंतर नागरी संधिप्रकाश (सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांपर्यंत असतानाचा उजेड) साधारण वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. टर्मिनसकडे किंवा अपोलो बंदरच्या चौकातून गेटवेकडे पाहताना मागचं आकाश पूर्वेचं असतं आणि ते आधी विझतं, मरीन ड्राइव्हवरून समुद्राकडे पाहताना ते जास्त वेळ तग धरतं. जूनमध्ये लंडनला गेलेल्यांना हाच संधिप्रकाश पाऊण तासाच्या आसपास मिळतो. तिथे घाई न करता दिवे आणि आकाश यांचा उजेड जवळ येईपर्यंत थांबता येतं आणि फ्रेमही कमी लागतात.

ट्रायपॉडबद्दल थोडंच: मधला दांडा खाली, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. वजनासाठी टांगलेली बॅग जमिनीला टेकलीच पाहिजे; वाऱ्यावर डोलणारी बॅग उलट कंपन देते.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला आगाऊ परवानगी लागते, तिथे हातात धरूनच काम. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात प्रवेशद्वाराच्या कमानीतून समोर पाहिलं, की आत अंधार आणि बाहेर उन्हात पांढरा घुमट. २४ मिलिमीटरला एफ ८, आयएसओ १०० वर १/५००, १/१२५ आणि १/३० सेकंद, पाठ भिंतीला टेकवून, कंटिन्युअस मोडमध्ये एका दमात. सगळ्यात मंद फ्रेम हलली तर तिन्ही फुकट, म्हणून आयएसओ ठरवायचा तो तिच्याकडे बघून.

आता तुम्ही ज्यावर सर्वाधिक लाल रेघा मारल्यात ते. मकबऱ्याचा घुमट संगमरवरी आहे, खाली बराच भाग चुन्याच्या गिलाव्याचा. उन्हात दोन्ही पांढरे, पण संगमरवराला किंचित तुकतुकी असते. टोन मॅपिंगची (जोडलेल्या चित्रातला उजेड-अंधाराचा फरक पडद्यावर मावेल इतका दाबण्याची) मात्रा वाढवली, की दोन्ही एकाच राखाडी रंगात बसतात आणि इमारत धुरकटते. टर्मिनसच्या मुख्य घुमटावर मशाल आणि चाक धरलेला ‘प्रगती’चा पुतळा आहे, त्या चाकाभोवती शंभर टक्के झूम करून बघायला तुम्ही लावलंत. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उजळ वलय पहिल्यांदा तिथेच दिसतं. ते दिसलं की मात्रा जास्त झाली, पुढे वाद नाही.

वलय टाळायला तुम्ही एनफ्यूज या फ्रेम मिसळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळवलंत. मर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेल्या एक्स्पोजर फ्यूजन या पद्धतीवर ते चालतं: प्रत्येक पिक्सेलला कॉन्ट्रास्ट, रंगाची घनता आणि योग्य उजेड यांवरून वजन द्यायचं आणि त्या वजनांनी फ्रेम मिसळायच्या. टोन मॅपिंगची पायरीच नाही. चित्र थोडं सपाट येतं, पण कर्व्हने ते सावरतं. फ्रेममध्ये सहा स्टॉपचं अंतर ठेवून मधली वगळली, तर मात्र फ्यूजनही फसतं आणि उजेडाचे विचित्र डाग येतात.

माणसं, टॅक्सी, झेंडे हलले, की लाइटरूम या सॉफ्टवेअरच्या मर्जमध्ये (फ्रेम जोडताना) डीघोस्ट, म्हणजे हललेल्या गोष्टींच्या दुहेरी छटा काढणं, ‘लो’ वरून सुरू करायचं आणि ओव्हरले (तो भाग लाल दाखवणारा थर) चालू ठेवायचा. लाल दिसणारा भाग एकाच फ्रेममधून घेतला जातो, त्यामुळे तिथे नॉइज (दाणेदारपणा) वाढतो. गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा जास्त वेळ उघडलेल्या फ्रेममधूनच मास्कने (हवा तेवढाच भाग निवडून) घ्यायच्या, नाहीतर त्या तुटतात.

आणि सर, कमानीच्या आतला काळोख पूर्ण उजळायचा नाही, हे तुम्ही कितीतरी फायलींवर लिहिलंत. दगडाचे सांधे जेमतेम कळावेत, बस्स. त्यासाठी शेवटच्या फ्रेमचा भाग मास्क करून निम्म्या अपारदर्शकतेवर आणायची तुमची रीत आता सगळेच वापरतात.

पावसाळ्यानंतरच्या फायली वेगळ्या पाठवतोच. ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब आणि इमारत यांना एकच मास्क चालत नाही. तिथे काय करावं, ते तुमच्याकडूनच समजून घ्यायचं आहे.

आपली कृतज्ञ,
रविवारची कॅमेरा मंडळी