सूचना : घरातली जुनी कागदपत्रे घेऊन या

कुलमंडळाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

कुलवृत्तान्ताचे, म्हणजे आपल्या घराण्याच्या इतिहासाचे, काम पहिल्या चार पिढ्यांपाशी अडले आहे. जे हवे ते बहुधा आपल्याच माळ्यावर आहे : वतनाचे कागद, जमाखर्चाच्या वह्या, पत्रिका, लग्नाची याद. जुनी मोडी लिपी वाचता येत नाही म्हणून कागद रद्दीत घालू नका, वाचणारे पुण्यात भरपूर आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, नेहमीच्या सभागृहात, जे असेल ते घेऊन या. फोटो काढून मूळ कागद लगेच परत देऊ.

कृपा करून काहीही लॅमिनेट करू नका. हौसेने केलेले हे काम नंतर निस्तरता येत नाही. चिकटपट्टीही नको. टाचण्या गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढा. घड्या ओढून उघडू नका, आहे तसेच सुती कापडात गुंडाळून आणा. ज्या रुमालात दप्तर (कागदांचा गठ्ठा) बांधले आहे तो रुमालही टाकू नका, त्यावर कधीकधी गावाचे नाव असते.

कागदावर शके १७४५ दिसले तर ७८ मिळवा, साधारण १८२३ साल येते. फसली आणि सुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांवरच्या इतर कालगणना, आमच्यावर सोडा.

पेशवे दप्तर (पेशवेकालीन सरकारी कागदांचा संग्रह) आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, दोन्ही पुण्यातच आहेत. पण तिथे शोधायला गाव, परगणा आणि निदान एक नाव लागते. त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या उपाध्यायांकडची नामावळ (त्यांच्या वह्यांतली घराण्यातल्या पिढ्यांची नावे) कोणी उतरवून आणली असेल तर तीही आणा.

आजी-आजोबांना सोबत आणलेत तर उत्तम, फोटोंतली माणसे तेच ओळखतात.

– कार्यवाह