दिन्या, टबात काय घालू?

ठाणे,
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिन्या,

तब्येत बरी. शुगर आहे तिथेच, गोळ्या चालू. आता मुद्द्याचं.

सोसायटीने यंदा दिवाळीच्या भेटटोपल्यांचं काम माझ्या गळ्यात मारलंय. वॉचमन, सफाईवाले, माळी धरून १४ माणसं आणि हातात ३५०० रुपये. म्हणजे माणशी अडीचशे. हस लेका. बाबांना आणि तुझ्या अण्णांना कंपनीतून मिळालेला तो दिवाळीचा डबा आठवणारं आता तुझ्याशिवाय उरलंय कोण?

गेल्या आठवड्यात जांभळी नाक्यावर गेलो होतो. पाय ठेवायला जागा नाही. वेताच्या टोपल्या बघितल्या, दिसायला झकास, पण ८० रुपये. वर जिलेटीन पेपर, रिबीन, चमकी, म्हणजे शंभर रुपये नुसते नटण्यात. त्यातून टोपली खोल. भरलेली दिसावी म्हणून तळाशी वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, हा आमच्या खजिनदारांचा सल्ला. म्हटलं, घरी पोरांनी खालपर्यंत हात घातला की काय लागणार? तर म्हणे, "सगळेच तसं करतात."

टोपली रद्द केली. प्लास्टिकचा टब घेतला, ४० रुपयांचा, धुण्याला तरी कामी येईल. वरून जिलेटीनऐवजी जाडसर नॅपकिन गाठ मारून. तो डझनाच्या भावात २५ ला पडला. राहिले १८५. त्यात मोती साबण, उटणं, केसांच्या तेलाची लहान बाटली, शंभर ग्रॅम चहापूड, अर्धा डझन पणत्या. फोटोफ्रेम, किचेन, काचेचं कासव असलं काही नाही. सोनपापडी तर नाहीच, ती आमच्या बिल्डिंगमध्ये ए विंगपासून सी विंगपर्यंत फिरून परत ए मध्ये येते. रात्रपाळीच्या वॉचमनचं बिऱ्हाड गावाला, हा पंपाच्या खोलीत झोपतो, तो पणत्या कुठे लावणार? त्याला मोज्यांचा जोड. सफाईवाल्यांना हातमोजे द्या, असं एक बाई म्हणाल्या. मी म्हटलं, हातमोजे कामाचे आहेत, ते जूनमध्येच द्यायला हवे होते. बाई तेव्हापासून लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

पण पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीने. अंगाच्या साबणावरचा आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून १८ टक्क्यांचा ५ झाला, म्हणून तेलाच्या बाटल्यांवर जुन्या किमतीवर नव्या किमतीचं स्टिकर. जन्म हिशेब तपासण्यात गेला, खालची किंमत बघितल्याशिवाय राहवेना. नखाने कोपरा उचलला आणि तसाच उभा राहिलो. डोळ्यांसमोर तेव्हाचे बाबा आले, ओट्यावर पाठमोरे बसून कंपनीच्या डब्यावरची किमतीची चिठ्ठी खरवडत होते, आईला दिसू नये म्हणून. साडेबावीस रुपये. आपण दोघांनी आधीच वाचली होती. आणि तुझे अण्णा त्याच संध्याकाळी डबा काखेत मारून वागळे इस्टेटपर्यंत चालत गेले, कंपनीच्या गेटवर ठेवून आले. बोनस द्या, डबा नको. अण्णांना माज आलाय, असं मी म्हटलं आणि तू माझा शर्ट फाडलास. नवा होता तो, नालायका.

आता मी गेटच्या आतल्या बाजूला. परवा सामान वेगळं करत होतो तर झाडूवाल्या मावशी डोकावून म्हणाल्या, "काका, यंदा पण साबणच का?" हसत म्हणाल्या. मीही हसलो. रात्री झोप नाही.

मीटिंगमध्ये रोख द्या म्हटलं. सेक्रेटरी म्हणाले, ही कंत्राटदाराची माणसं, बोनस त्याने द्यायचा. कागदावर बरोबर आहे. १९६५ चा बोनस कायदा, किमान ८.३३ टक्के, तुला तर झोपेतही म्हणता येईल. पण कंत्राटदार देतो का, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. मी फोन केला. "बघतो साहेब" म्हणाला. त्या "बघतो"चा अर्थ तुला सांगायला नको.

म्हणून घरटी शंभर गोळा करतोय. ४२ घरं, ४२०० रुपये, माणशी ३०० चं पाकीट. ते टबात वरच ठेवणार, साबणाखाली लपवणार नाही. तरी मनात येतंच, अण्णांनी हा टब घेतला असता का? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? मिरजेतच करणार ना? चिन्मयच्या नोकरीचं कळलं, मजा आहे. वहिनींना नमस्कार, त्यांच्या भाजणीची हिला वाट आहे.

आणि हो, सगळ्यांचे पैसे आलेले नाहीत. चौथ्या मजल्यावर तुझी मेहुणी राहते, ती दार उघडून "नंतर या" म्हणते. तिला तूच फोन कर. माझ्याने होणार नाही.

तुझा,
अव्या