तो काप कुणाचा?

प्रिय मित्रा,

तुझी दोन पत्रं उत्तरावाचून पडून आहेत आणि हे त्यांचं उत्तर नाही, आधीच सांगतो. मी बरा आहे, गुडघा कुरकुरतो, घरी सगळं ठीक.

मंगळवारी आपलं झाड उतरवलं. आपलं म्हणजे कोणतं, हे तुला सांगायला नको. तू उलटा लटकला होतास आणि मास्तर खालून ओरडले होते, "वटवाघूळ व्हायचं असेल तर पगार अर्धा!" तेच.

वादळानंतर खोडाला उभी भेग पडली म्हणून बोलावणं आलं. मोगरीनं ठोकत बुंध्याभोवती फिरलो. छातीपर्यंत आवाज भरीव, वर एका बाजूला ढोल. तोडायचंच झाड असल्यामुळे पायाला काटे लावून चढायला हरकत नव्हती, पण मुख्य दोर त्याच्यावर टाकायला मन घेईना. शेजारच्या झाडाची बेचकी धरली. दोर वर न्यायची माझी वजनाची थैली चौथ्या फेकीत गेली. धाकटा पहिल्याच फेकीत टाकतो आणि वर तोंड करून हसतो. एक दिवस लाथ खाणार आहे माझी.

तुकडे लहान काढले. ओंडका दोरावर झेलला की त्याच्या वजनाच्या कितीतरी पट हिसका खोडाला बसतो, आणि हे खोड तो सोसणारं नव्हतं. खाली जागा मोकळी होती, सुटेच टाकले. मुख्य दोर, कमरेचा दोर, करवत, पुन्हा जागा बदल. दुपारपर्यंत शेंडा आणि फांद्या उतरल्या. तुला आठवतं ना, फांद्या गेल्या की खोड किती वेगळं हलतं? वारा नसतानाही आपण कुणाच्या तरी पाठीवर बसलोय असं वाटतं.

मग आपण तेव्हा फांदी काढली त्या जुन्या कापाच्या वीतभर खाली आडवा काप घेतला आणि करवत बंद केली.

मधे तपकिरी, बोटानं उकरता येईल असं लाकूड. त्याभोवती पांढरं, ओलं, स्वच्छ. दोन्हींच्या मधे पेन्सिलीनं ओढावी तशी काळी रेघ. मी तसाच लटकून सालीकडून आत वलयं मोजली. 22. हातमोजा काढून नखानं पुन्हा मोजली. 22.

तुझ्या त्या झेरॉक्सवरची आकृती रे! शिगोंची, त्या अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञांची. 1977 सालची, चार भिंतींची. झाड जखम भरून काढत नाही, कोंडून टाकतं. वरखाली जाणारी कूज अडवणारी भिंत सगळ्यात कच्ची, म्हणून ती खोडात उभी पसरते. आणि जखमेनंतर सालीखालचा जिवंत थर जी चौथी भिंत घालतो ती सगळ्यात पक्की. तिच्या बाहेरचं नवं लाकूड कूज शिवत नाही. तू ते मास्तरांना वाचून दाखवलंस आणि म्हणालास, फांदीच्या मुळाशी तो फुगवटा आहे ना, ती कॉलर, ती कापायची नाही, तिच्या बाहेरून कापायचं. मी म्हणालो, "खुंटी ठेवतोयस की काय? टोपी अडकवायला?" सगळे हसले. तू आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस.

आणि फांदी खोडाला सपाट कापली गेली. गुळगुळीत, हात फिरवावा अशी. कॉलर गेल्यामुळे जखम फांदीच्या जाडीपेक्षा कितीतरी मोठी झाली. वर आपण काळा रंग फासला, ज्यानं झाडाचं काहीही भलं होत नाही. तुझ्या केसांचं मात्र झालं. महिनाभर तरुण दिसत होतास.

आतला तपकिरी भाग म्हणजे बरोब्बर त्या वर्षीचं झाड, मित्रा. तेवढ्याच जाडीचं. त्याच्याभोवती 22 वर्षांचं नवं. आणि ती भेग त्या काळ्या रेघेतूनच निघाली होती. चौथी भिंत कुजीला आवरते, पण ताकदीला कच्ची, हेही त्याच झेरॉक्सवर होतं. मी ते पान वाचलंच नव्हतं.

धाकट्यानं खालून विचारलं, काय झालं? म्हटलं, चेन सैल झालीय. नंतर ओंडका पाहून तो म्हणाला, "कुणा गाढवानं सपाट कापलंय." मी म्हणालो, हो.

हेच तुला लिहायचं होतं. गाढव कोण?

मला करवत हातात असल्याचं स्पष्ट आठवतं. खालचा काप आधी, मग थोडं पुढे वरून, फांदी गेल्यावर शेवटचा. सगळं आठवतं. पण खाली उभं राहून तुझा दोर धरल्याचंही तितकंच स्पष्ट आठवतं, आणि भुसा डोळ्यांत गेल्याचं. दोन्ही कसं असेल? तुझ्याशी भांडून जिंकलो आणि मग तुलाच वर पाठवलं, असं तर नाही ना? तसं असेल तर ते जास्त वाईट.

रात्री झोप लागेना म्हणून हिशेब करत बसलो. आपण सुधारलो ते चौथ्या वर्षी. तोवर किती झाडं? काही तर माझ्या रोजच्या वाटेवर आहेत. परवा एकापाशी थांबलो. जखमेवर ओठ जुळून आलेत, बाहेरून देखणं. ठोकायला हात उचलला आणि खाली घेतला. बाकावर कुणीतरी बसलं होतं, त्यांना काय सांगणार? काल मोगरी घेऊन पुन्हा गेलो. भरीव वाजलं. एवढ्यानं आत काय आहे ते कळत नाही, हे तुला मी सांगायला नको, तू आता अहवाल लिहिणारा माणूस.

हां, तुझा खांदा कसा आहे? खुर्चीवर बसून झाडं बघायची सवय झाली का? लेकीचं ठरल्याचं कळलं, खूप आनंद झाला. वहिनींना नमस्कार. सविस्तर पुढच्या पत्रात, नक्की.

ओंडक्याची एक चकती कापून आणलीय. पडवीत आहे. वाळताना ती रेघेवरच सुटायला लागलीय. ही विचारते, पाट करणार का? काही बोललो नाही.

मास्तरांच्या कामाच्या वह्या तुझ्याकडेच आहेत ना? त्या चार वर्षांच्या पाठव. हिरव्या पुठ्ठ्याची आधी. ते झाडाचा पत्ता आणि वर कोण चढलं ते लिहायचे. यादी करून एकेक बघून येईन म्हणतो. रविवारी जमेल तसं. खांदा परवानगी देत असेल तर तूही ये, खालून बघायला.

वही पाठवण्याआधी ते पान उघडू नकोस. आधी आठवून लिही, वर तू होतास की मी. तू म्हणशील ते मान्य करीन, वाद घालणार नाही.

घालीन.

तुझाच,
टोपीवाला